बीजगणितकार भास्कराचार्य

प्रस्तावना

गणिताच्या पुस्तकात संख्यांच्या जोडीला पहिल्यांदा अक्षरे दिसू लागतात, तेव्हा बहुतेक विद्यार्थी गोंधळून जातात. अक्षरांची बेरीज कशी करावयाची, पाच अक्षरे आणि तीन आकडे एकत्र का मिळवता येत नाहीत, ज्याची किंमतच ठाऊक नाही त्याचा गुणाकार कसा करावयाचा, असे प्रश्न मनात येतात. हे प्रश्न नवे नाहीत. सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका आचार्याने हेच प्रश्न समोर ठेवून एक ग्रंथ रचला आणि मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही कळेल अशा रीतीने बीजगणिताची मांडणी केली. त्या भास्कराचार्यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय या पाठात करून दिला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• भास्कराचार्यांचे कुळ, काळ आणि ग्रंथरचना यांची माहिती सांगता येईल;
• पद, सहगुणक, चल, स्थिरपद, सजातीय व विजातीय पदे या संज्ञांचा अर्थ भास्कराचार्यांच्या पद्धतीच्या आधारे स्पष्ट करता येईल;
• विद्या टिकवून ठेवण्यासाठी समाजाने केलेल्या प्रयत्नांचे महत्त्व विशद करता येईल.

मूळ पाठ

विद्वानांचे कुळ

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. प्राचीन भारतातील अनेक ग्रंथकारांचा काळ ठरविताना अभ्यासकांना तर्काचा आधार घ्यावा लागतो. भास्कराचार्यांच्या बाबतीत मात्र तशी वेळ आली नाही, कारण त्यांनी आपले जन्मवर्ष, ग्रंथ लिहिताना असलेले वय, गोत्र, पित्याचे नाव आणि गाव ही सारी माहिती स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. शांडिल्य गोत्रातील महेश्वर हे त्यांचे वडील. सह्य पर्वताच्या परिसरातील विज्जडविड हे त्यांचे गाव. हे गाव म्हणजे आजचे नेमके कोणते ठिकाण, याविषयी विद्वानांत एकमत नाही. काहींच्या मते ते कर्नाटकातील विजापूर होय. तर काहींनी ते महाराष्ट्रातील चाळीसगावजवळच्या पाटण गावाच्या परिसरात शोधले आहे.

भास्कराचार्यांच्या घराण्यात विद्येची परंपरा अनेक पिढ्यांची होती. त्रिविक्रम नावाच्या एका कविश्रेष्ठापासून या कुळाची वंशावळ सुरू होते. त्रिविक्रमांचे पुत्र भास्करभट्ट यांना भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर अशी एकामागून एक विद्वान पुरुषांची मालिका दिसते. महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू झाले. मोठ्या नगरातील एखाद्या विद्यापीठात न जाता भास्कराचार्य आपल्या पित्याजवळ बसून गणित शिकले. त्या काळी हीच रीत होती. विद्या घराघरांतून वाहत असे. पण तीच गोष्ट तिच्या दृष्टीने धोक्याचीही होती. एखादे घर खंडले, एखादी पोथी जळाली वा भिजली, तर पिढ्यान्‌पिढ्या साठवलेले ज्ञान कायमचे नाहीसे होत असे.

हा धोका केवळ कल्पनेतला नव्हता. आपल्या बीजगणिताच्या शेवटी भास्कराचार्यांनी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ या तीन पूर्वसूरींचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. या तिघांचे ग्रंथ फार विस्तृत असल्यामुळे त्यांचे सार काढून शिष्यांच्या समाधानासाठी आपण हा लहान ग्रंथ रचला, असे त्यांनी नमूद केले. त्या तिघांपैकी ब्रह्मगुप्तांचा ग्रंथ आज उपलब्ध आहे. श्रीधर आणि पद्मनाभ यांचे बीजगणित मात्र लुप्त झाले. वर्गसमीकरण सोडविण्याचा श्रीधरांचा प्रसिद्ध नियम आज जगाला ठाऊक आहे, तो भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात उतरवून घेतला म्हणून.

छत्तिसाव्या वर्षीचा ग्रंथ

इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा आपला प्रमुख ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. लीलावतीत अंकगणित व भूमिती आहे. ग्रहगणितात ग्रहांच्या गती व ग्रहणे यांचे गणित आहे. तर गोलाध्यायात पृथ्वी, आकाशगोल आणि वेधयंत्रे यांचे विवेचन आहे. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असून त्या शक्तीने ती जड वस्तू आपल्याकडे ओढून घेते, हा विचार गोलाध्यायात आलेला आहे. ग्रहाची एखाद्या क्षणाची गती कशी काढावी, याचाही त्यांनी सूक्ष्म विचार केला.

ग्रंथ पद्यात रचून भास्कराचार्य थांबले नाहीत. पद्य पाठ करण्यास सोपे असते, पण त्यातील अर्थ उलगडला नाही तर ते नुसते पाठांतरच राहते. म्हणून आपल्या सूत्रांचे स्पष्टीकरण त्यांनी स्वतःच गद्यात लिहिले. सिद्धान्तशिरोमणीच्या ज्योतिषविषयक भागांवरील त्यांचे हे स्पष्टीकरण ‘वासनाभाष्य’ या नावाने ओळखले जाते. येथे वासना या शब्दाचा अर्थ उपपत्ती, म्हणजे नियमामागील कारण, असा आहे. नियम सांगावा आणि त्याचे कारणही सांगावे, ही त्यांची शिकविण्याची पद्धत होती.

व्यक्त आणि अव्यक्त

भास्कराचार्यांच्या काळी अंकगणिताला व्यक्तगणित आणि बीजगणिताला अव्यक्तगणित म्हणत. व्यक्त म्हणजे उघड, दिसणारे. पाच आंबे, वीस मोहरा, बारा हात लांबीची काठी या व्यक्त संख्या होत. अव्यक्त म्हणजे अद्याप न कळलेली संख्या. ती अस्तित्वात असते, पण प्रश्नाच्या आड दडलेली असते. बीज ज्याप्रमाणे मातीत दडलेले असते आणि त्यातूनच रोप वर येते, त्याप्रमाणे अव्यक्तातून व्यक्त उत्तर बाहेर काढावयाचे, ते बीजगणित. यासाठी खरे बीज म्हणजे माणसाची बुद्धीच होय आणि अक्षरे ही केवळ तिची साहाय्यक आहेत, अशी भास्कराचार्यांची धारणा होती.

न कळलेल्या संख्येला काहीतरी नाव देणे, ही बीजगणिताची पहिली पायरी. भारतीय गणितज्ञांनी तिला यावत्तावत् असे नाव दिले. त्याचा सरळ अर्थ जेवढे असेल तेवढे. किती ते माहीत नाही, पण जेवढे आहे तेवढे धरून पुढे चालावयाचे, हा विचार त्या एका शब्दात साठवला आहे. प्रश्नात एकाहून अधिक अव्यक्त संख्या असतील तर दुसरीला कालक, तिसरीला नीलक, चौथीला पीतक, पाचवीला लोहितक अशी नावे देत. ही रंगांची नावे आहेत: काळा, निळा, पिवळा, तांबडा. संस्कृतात वर्ण या शब्दाचे रंग आणि अक्षर असे दोन्ही अर्थ होतात. लिहिताना या नावांची पहिली अक्षरे घेत: या, का, नी, पी, लो. अव्यक्तांना वर्णांनी ओळखण्याची ही प्रथा भास्कराचार्यांच्या आधीची. इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथातही ती आढळते. भास्कराचार्यांनी तिला शिस्त लावली आणि ती शिकविण्याजोगी केली.

आजच्या बीजगणितात ज्याला चल म्हणतात, ते हेच अव्यक्त. शाळेच्या पुस्तकांत त्यासाठी क्ष, य अशी अक्षरे वापरली जात आली आहेत. या अक्षरांच्या जागी निरनिराळ्या किमती येऊ शकतात, म्हणून त्यांना चल म्हणतात. ज्या संख्येची किंमत निश्चित असते, तिला स्थिर संख्या म्हणतात. भास्कराचार्यांच्या काळी अशा निश्चित संख्येला रूप म्हणत आणि तिच्याआधी रू हे अक्षर लिहीत.

पदांची मांडणी

भास्कराचार्यांच्या पद्धतीने लिहिलेली बैजिक राशी पाहिली, की तिचे घटक ताबडतोब वेगळे दिसतात. ‘या ३ रू ७’ ही एक राशी घ्या. आजच्या पद्धतीने ती ३क्ष + ७ अशी लिहिली जाईल. तिच्यात दोन पदे आहेत. ‘या ३’ हे पहिले पद. त्यातील या हा चल आणि ३ हा त्याचा सहगुणक. अव्यक्त संख्या किती वेळा घेतली आहे, हे सहगुणक सांगतो. ‘रू ७’ हे दुसरे पद. त्यात चल नाही, म्हणून ते स्थिरपद. या पद्धतीत अधिक चिन्ह लिहीत नसत; पदे शेजारी शेजारी मांडली की ती मिळवावयाची, असा संकेत होता. पद ऋण असेल तर त्याच्या अंकाच्या डोक्यावर एक टिंब देत. एवढ्या एका टिंबाने धन आणि ऋण यांतील भेद दाखविला जाई.

अव्यक्त संख्येला तिनेच गुणले तर तिचा वर्ग होतो. तो याव असा लिहीत; यातील व हे अक्षर वर्गाचे. पुन्हा एकदा गुणले की घन होतो, तो याघ. दोन भिन्न अव्यक्तांचा गुणाकार झाला तर त्याला भावित म्हणत आणि याकाभा असे लिहीत. एखाद्या राशीत मधले पद नसेल, तर तुलनेच्या सोयीसाठी त्या जागी शून्य सहगुणक लिहून जागा राखून ठेवीत. त्यामुळे दोन राशी एकाखाली एक मांडल्या की वर्गाखाली वर्ग, अव्यक्ताखाली अव्यक्त आणि रूपाखाली रूप येत असे.

याच मांडणीतून भास्कराचार्यांनी बेरीज-वजाबाकीचा मूळ नियम समजावून दिला. एकाच जातीची पदे परस्परांत मिळवावीत किंवा वजा करावीत. भिन्न जातीची पदे वेगवेगळी ठेवावीत. आजच्या पुस्तकांत यांनाच सजातीय आणि विजातीय पदे म्हणतात. त्यांनी दिलेल्या पहिल्याच उदाहरणांपैकी एकात एक अव्यक्त आणि एक रूप यांत दोन अव्यक्त आणि उणे आठ रूपे मिळवावयाची आहेत. आजच्या भाषेत क्ष + १ आणि २क्ष − ८ यांची ही बेरीज होय. एक अव्यक्त आणि दोन अव्यक्त मिळून तीन अव्यक्त होतात; एक आणि उणे आठ मिळून उणे सात होतात. उत्तर ३क्ष − ७. आता या दोन पदांना आणखी एकत्र करता येत नाही. तीन पोती धान्य आणि सात सुट्या पायल्या यांची बेरीज दहा पोती होत नाही आणि दहा पायल्याही होत नाही, कारण पोत्यात किती पायल्या मावतात हे अजून कळलेले नाही. अव्यक्त आणि रूप यांचे नाते असेच असते. ३क्ष + ७ याचे १०क्ष करणे ही शिकाऊ विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. जातीचा हा नियम नीट समजला म्हणजे ती आपोआप टळते.

गुणाकाराच्या वेळी मात्र भिन्न जातीची पदे एकमेकांना भेटू शकतात. पाच अव्यक्तांतून एक रूप वजा केलेली राशी घेऊन तिला तीन अव्यक्त आणि दोन रूपे यांनी गुणावे, असे उदाहरण भास्कराचार्यांनी दिले आहे. पहिल्या राशीतील प्रत्येक पदाने दुसऱ्या राशीतील प्रत्येक पदाला गुणले की चार गुणाकार मिळतात: १५ अव्यक्तवर्ग, १० अव्यक्त, उणे ३ अव्यक्त आणि उणे २ रूपे. मधली दोन पदे सजातीय आहेत, म्हणून ती मिळून ७ अव्यक्त होतात. उत्तरात तीन पदे उरतात: १५ अव्यक्तवर्ग, ७ अव्यक्त आणि उणे २ रूपे. द्विपदी राशीला द्विपदी राशीने गुणून त्रिपदी राशी कशी मिळते, हे आजही शाळेत याच क्रमाने शिकविले जाते.

घोड्यांची किंमत

नियम सांगून झाल्यावर भास्कराचार्य विद्यार्थ्याला व्यवहारात नेऊन सोडतात. समीकरणांच्या प्रकरणातील त्यांचे एक उदाहरण दोन माणसांच्या संपत्तीविषयी आहे. एका माणसाजवळ तीनशे रूपे आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर शंभर रूपांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखीच आहे. तर एका घोड्याची किंमत किती?

घोड्याची किंमत अव्यक्त आहे. म्हणून ती यावत्तावत् धरावयाची. पहिल्याची संपत्ती ‘या ६ रू ३००’ आणि दुसऱ्याची ‘या १० रू १००’. यातील शेवटच्या शंभरावर ऋणाचे टिंब. या दोन राशी एकाखाली एक मांडल्या की दोन्ही पक्ष समान असल्याचे समीकरण तयार होते. आता एका पक्षातील अव्यक्त दोन्हींकडून काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या पक्षातील रूपे दोन्हींकडून काढून टाकावयाची. दहा घोड्यांतून सहा गेले, चार उरले. तीनशेमधून उणे शंभर वजा केले, तेव्हा चारशे झाले. चार घोड्यांची किंमत चारशे, म्हणून एका घोड्याची किंमत शंभर. ताळा पाहिला तर पहिल्याचे सहाशे आणि तीनशे मिळून नऊशे होतात; दुसऱ्याच्या हजारातून शंभर कर्ज गेले की नऊशेच उरतात.

या छोट्या उदाहरणात बीजगणिताची सारी अंगे आली आहेत. घोड्याची किंमत हा चल, घोड्यांची संख्या हा सहगुणक, जवळचे धन हे धन स्थिरपद आणि कर्ज हे ऋण स्थिरपद. ऋण या शब्दाचा मूळ अर्थच कर्ज असा आहे. वजा चिन्हाची भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्याला कर्जाची कल्पना समजावून सांगावी लागत नाही. ऋण संख्येची ही ओळख ब्रह्मगुप्तांपासून चालत आलेली होती. भास्कराचार्यांनी ती उदाहरणातून जिवंत केली.

उत्तर आणि त्याचा अर्थ

वर्गसमीकरणाला दोन उत्तरे असू शकतात, हे भास्कराचार्यांना माहीत होते. धन संख्येचे वर्गमूळ धन आणि ऋण असे दोन्ही असते आणि ऋण संख्या कोणत्याही संख्येचा वर्ग नसल्यामुळे तिला वर्गमूळ नसते, असे त्यांनी स्पष्ट केले होते. वानरांच्या कळपाविषयीची त्यांची दोन उदाहरणे या दृष्टीने फार बोधक आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी वानरे वनात खेळत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत. कळपात ४८ वानरे असली तरी हा हिशेब जुळतो आणि १६ असली तरीही जुळतो. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे मान्य केली. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढी वानरे गुहेत गेली आणि एक झाडावर दिसत आहे. येथे ५० आणि ५ अशी दोन उत्तरे निघतात. पण कळप पाच वानरांचा धरला, तर त्याचा पाचवा भाग एक होतो आणि एकातून तीन वानरे वजा करावी लागतात. वानरांच्या संख्येत असे ऋण संभवत नाही. म्हणून ५ हे उत्तर त्यांनी सोडून दिले. केवळ आकडेमोड जुळली म्हणजे काम संपले असे नाही. उत्तराचा मूळ प्रश्नाशी मेळ बसला पाहिजे, ही शिकवण त्यांनी येथे दिली.

शून्याच्या विचारात मात्र काही प्रश्न त्यांच्या हातून पूर्ण सुटले नाहीत. एखाद्या संख्येला शून्याने भागले असता येणाऱ्या राशीला त्यांनी खहर म्हटले. तिच्यात काहीही मिळविले वा वजा केले तरी बदल होत नाही, म्हणून त्यांनी तिची तुलना अनंत परमेश्वराशी केली. ही कल्पना भव्य आहे. परंतु शून्याने गुणलेल्या संख्येला पुन्हा शून्याने भागले तर मूळ संख्या परत मिळते, हा त्यांचा नियम आजचे गणित स्वीकारत नाही. शून्याने भागाकार करता येत नाही, असे आज मानले जाते. पूर्वसूरींचे ज्ञान तपासून घ्यावे, हे भास्कराचार्यांनी स्वतःच केले होते. गोलाच्या पृष्ठफळाविषयी लल्ल या आचार्यांनी दिलेला नियम चुकीचा असल्याचे दाखवून त्यांनी योग्य नियम मांडला. तोच न्याय पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या ग्रंथांना लावला.

याउलट काही ठिकाणी त्यांची बुद्धी आपल्या काळाच्या फार पुढे गेलेली दिसते. एखाद्या पूर्णांकाच्या वर्गाची ६१ पट करून त्यात १ मिळविला तर पुन्हा पूर्णांकाचा वर्ग मिळावा, असे दोन पूर्णांक शोधण्याचा प्रश्न त्यांनी चक्रवाल पद्धतीने सोडविला. या प्रश्नाचे सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ इतके मोठे आहे. फ्रान्समधील गणितज्ञ फर्मा यांनी हाच प्रश्न इ.स. १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. त्याच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांच्या ग्रंथात त्याचे उत्तर लिहिलेले होते.

लीलावतीची आख्यायिका

भास्कराचार्यांचे नाव निघाले की लीलावतीची कथा आठवते. लीलावती ही त्यांची कन्या. तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी मांडलेल्या घटिकापात्रात तिच्या अलंकारातील मोती पडला, पात्राचे छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. दुःखी कन्येचे मन रमावे आणि तिचे नाव चिरकाल राहावे, म्हणून पित्याने तिच्या नावाचा ग्रंथ रचला, अशी ही कथा आहे. अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी याने इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रास्ताविकात ती आढळते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिला आधार मिळत नाही. म्हणून ती आख्यायिकाच मानावी लागते. परंतु कमळे, भुंगे, हंस, मोर आणि साप यांच्या उदाहरणांनी नटलेली लीलावती वाचताना समोर एखादा कोवळा विद्यार्थी बसला आहे, असे भासते. लोकमानसाने त्या विद्यार्थ्याला कन्येचे रूप दिले असावे.

पाटणचा मठ

इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. पंचांगकर्त्यांना ग्रहगणित सुलभ रीतीने करता यावे, हा त्याचा हेतू होता. उतारवयातही अवघड विषय सोपा करून देण्याचे त्यांचे व्रत सुटले नव्हते.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने सन्मानाने आपल्या नगरीत नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चंगदेव हे सिंघण यादवाचे राजज्योतिषी झाले. श्रीधर आणि पद्मनाभ यांच्या ग्रंथांवर जी वेळ आली, ती आजोबांच्या ग्रंथांवर येऊ नये, अशी व्यवस्था चंगदेवांनी केली. भास्कराचार्य आणि त्यांच्या वंशातील विद्वानांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांनी पाटण येथे एक मठ स्थापन केला. तेथील निकुंभ वंशातील सामंत सोइदेव याने इ.स. १२०७ मध्ये त्या मठाला दान दिले. याची नोंद करणारा शिलालेख पाटणच्या भवानी मंदिरात आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात असला, तरी शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचे उत्पन्न मठाला द्यावे आणि गावातील प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळी तेल द्यावे, अशा आशयाची तरतूद त्यात आहे. राजाचे दान मोठे होतेच. पण घाण्यावरच्या त्या पळीभर तेलामुळे गणिताच्या अभ्यासात साऱ्या गावाचा वाटा पडला. मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख उजेडात आणला आणि इ.स. १८६५ मध्ये त्याची माहिती अभ्यासकांपुढे ठेवली. भास्कराचार्यांची वंशावळ निश्चित झाली ती याच लेखामुळे.

ग्रंथांचा प्रवास

पुढील काळात भास्कराचार्यांचे ग्रंथ देशभर पसरले. गोदावरीकाठच्या पार्थपूर येथील सूर्यदास यांनी इ.स. १५३८ मध्ये बीजगणितावर टीका लिहिली. नंदिग्रामचे गणेश दैवज्ञ यांनी इ.स. १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका रचून नियमांच्या उपपत्ती दिल्या. शाहजहानच्या काळात अताउल्ला रशीदी याने बीजगणित फारसीत नेले. इ.स. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी लीलावती आणि बीजगणित यांचे संस्कृतातून केलेले इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि भारतीय बीजगणिताची खोली युरोपातील विद्वानांना कळली.

दरम्यान बीजगणिताची लिपी जगभर बदलत गेली होती. बगदादमधील अल् ख्वारिझ्मी नवव्या शतकात समीकरणे पूर्णपणे शब्दांत लिहीत असे. फ्रान्समधील व्हिएत याने इ.स. १५९१ मध्ये अव्यक्तांप्रमाणेच ज्ञात संख्यांसाठीही अक्षरे वापरली. भास्कराचार्यांच्या पद्धतीत सहगुणकाच्या जागी नेहमी विशिष्ट संख्याच येत असे. तेथेही अक्षर आल्यामुळे एकच सूत्र असंख्य उदाहरणांना लागू करता येऊ लागले. इ.स. १६३७ मध्ये देकार्त याने अव्यक्तांसाठी लॅटिन वर्णमालेतील शेवटची अक्षरे निवडली. तीच आज सर्वत्र रूढ आहेत. या आणि का ही अक्षरे मागे पडली. परंतु जेवढे असेल तेवढे धरून चालावे, सजातीय पदे एकत्र करावीत, दोन पक्षांचा समतोल राखावा आणि शेवटी उत्तराचा अर्थ तपासावा, ही रीत तशीच राहिली.

स्वतंत्र भारताने अवकाशात सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले. त्यांपैकी पहिला इ.स. १९७९ मध्ये आणि दुसरा इ.स. १९८१ मध्ये सोडला गेला. भास्कराचार्य आणि त्याच नावाचे एक प्राचीन गणितज्ञ अशा दोघांचे स्मरण या नावातून होते. पण भास्कराचार्यांचे खरे स्मारक शाळेच्या फळ्यावर रोज उभे राहते. एखादा विद्यार्थी न कळलेल्या संख्येसाठी न घाबरता एक अक्षर लिहितो, तिच्यापुढचा सहगुणक ओळखतो आणि सजातीय पदे शोधू लागतो, तेव्हा शिष्यांच्या समाधानासाठी लिहिलेला तो लहानसा ग्रंथ पुन्हा एकदा कामी आलेला असतो.

शब्दार्थ

पूर्वसूरी – आधी होऊन गेलेले विद्वान
उपपत्ती – नियमामागील कारण, सिद्धता
अव्यक्त – प्रकट न झालेले. येथे, किंमत न कळलेली संख्या
बैजिक राशी – चल व स्थिर संख्या यांनी बनलेली राशी
सहगुणक – पदात चलाला गुणणारी संख्या
पायली – धान्य मोजण्याचे जुने माप
घटिकापात्र – वेळ मोजण्यासाठी पाण्यात ठेवायचे सच्छिद्र भांडे
सामंत – मोठ्या राजाच्या अधीन असलेला लहान राजा

स्वाध्याय

१. श्रीधर आणि पद्मनाभ यांच्या बीजगणिताचे काय झाले? श्रीधरांचा नियम आज कशामुळे ज्ञात आहे?
२. यावत्तावत् या शब्दाचा अर्थ सांगून आजच्या बीजगणितातील कोणत्या संज्ञेशी त्याचे नाते आहे ते लिहा.
३. ‘या ५ रू ९’ या राशीतील पदे, चल, सहगुणक आणि स्थिरपद ओळखा.
४. पन्नास आणि पाच या दोन उत्तरांपैकी एक उत्तर भास्कराचार्यांनी का सोडून दिले?
५. पाटणच्या शिलालेखातील तरतुदींवरून विद्येविषयी त्या काळच्या समाजाची कोणती वृत्ती दिसते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
६. तुमच्या परिसरातील खरेदी-विक्रीच्या एखाद्या प्रसंगावरून, घोड्यांच्या उदाहरणासारखे एक उदाहरण तयार करा आणि ते सोडवा.